आईची फाईल

वाचकाचं पत्र

ताई, मी बार्शीला राहते, वय ३१. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि लगेच लग्न झालं. एका पतसंस्थेत कारकून आहे, मुलगी पाच वर्षांची आहे.

माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. मी आठवीत असताना ती एकटीच बोलायला लागली, शेजारीण आपल्या जेवणात काहीतरी कालवते म्हणायची. पुढची सहा वर्षं उतारे, देवऋषी, अंगारे यांत गेली. मग सोलापूरला गोळ्या सुरू झाल्या. आता ती बरी आहे, स्वयंपाक करते, नातीला गोष्टी सांगते. तिची फाईल मीच सांभाळते. गेल्या वर्षी तिच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पाच खेपा मारल्या. शेवटच्या खेपेला रांगेतल्या दोन बायकांचे अर्जही मीच भरून दिले. परत येताना एसटीत वाटलं, आपल्याला हेच काम करायचंय.

मानसिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी घ्यावी असं मनात आहे. मैत्रीण म्हणते, माझ्यासारखं दूरशिक्षणाने एम.ए. करून टाक. मोबाईलवर ‘सहा महिन्यांत सर्टिफाइड सायकोथेरपिस्ट व्हा’ अशी जाहिरात सारखी येते, फी पंचेचाळीस हजार. सासूबाई म्हणतात, वेड्यांत राहून माणूस वेडा होतो. नवरा म्हणतो शीक, पण पगार बंद करून दोन वर्षं कशी निघतील? माझं इंग्रजी बेताचं आहे. मुलाखतीत आईचं सांगावं का, तेही कळत नाही. आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा वाटतं, शिकता शिकता मलाच काही झालं तर?

एक वाचक, बार्शी


उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली: ‘रांगेतल्या दोन बायकांचे अर्जही मीच भरून दिले.’ कोणती पदवी घेऊ हे तू विचारतेस, त्याचं निम्मं उत्तर मला या ओळीत दिसतं. बाकीचं निम्मं सविस्तर सांगते, कारण या क्षेत्रात चुकीच्या दारात पैसे भरून बसलेल्या फार मुली मी पाहिल्या आहेत.

आधी ती जाहिरात. पंचेचाळीस हजार भरू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, सायकिॲट्रिक सोशल वर्कर आहेत, मनोविकार परिचारिका आहेत. ‘सर्टिफाइड सायकोथेरपिस्ट’ असा वर्ग तिथे नाही. सहा महिन्यांत मोबाईलवर तुला शब्द शिकवतील. पण समोरचा माणूस ‘मला जगायचं नाही’ म्हणाला की पुढचं वाक्य काय बोलायचं, कोणाला फोन करायचा, त्याला एकटं सोडायचं की नाही, हे कोणी शिकवणार नाही. हे शिकायला शेजारी जाणतं माणूस बसलेलं असावं लागतं.

दूरशिक्षणाचा प्रश्न तर आता उरलेलाच नाही. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, मानसशास्त्र त्याच्या यादीत आलं, आणि त्या आधारावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवायला सांगितले. तुझ्या मैत्रिणीची पदवी आधीची आहे, तिला यात काही धोका नाही. तुला मात्र वर्गात बसूनच शिकावं लागेल. अनेकांना हा निर्णय जाचक वाटला. घर, नोकरी, मूल सांभाळणाऱ्या बायकांची एक वाट बंद झाली हे खरं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तरीही निर्णय योग्य आहे असंच माझं मत आहे.

का, ते माझ्याच एका दिवसावरून सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका सरकारी रुग्णालयात शिकाऊ होते. बीडकडचा एक ऊसतोड कामगार, पन्नाशीचा, त्याच्या भावाने आणलेला. चार महिने झोप नाही, कोणाशी बोलत नाही. आम्हाला मनाची तपासणी कशी करायची ते नुकतंच शिकवलं होतं. लक्ष लागतं का हे बघायला शंभरातून सात वजा करत जायला सांगतात. मी सांगितलं. तो गप्प. परत सांगितलं, तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणीचा अर्थ विचारला, ‘नाचता येईना अंगण वाकडे’. तो म्हणाला, ‘सारवून घ्यायचं.’ मी कागदावर लिहून मोकळी झाले: लक्ष नाही, हिशेब नाही, अमूर्त विचार नाही.

आमच्या मॅडमनी कागद वाचला आणि मला घेऊन परत त्याच्यापाशी आल्या. स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, ‘दादा, मुकादमाकडून उचल किती घेतली होती औंदा?’ तो म्हणाला, वीस हजार. ‘फिटली किती?’ तेरा. ‘खाडे?’ चार खाडे झाले होते, खाड्याला दीडशे. ‘मग बाकी किती राहिली?’ त्याने वर पाहिलं आणि सावकाश म्हणाला, ‘सात हजार सहाशे.’ मग थोडं थांबून, कोणी न विचारता: ‘त्ये फिटायचं न्हाई आता. कोयता मोडला.’

कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवराबायकोचं जोडपं. त्याची बायको दिवाळीनंतर वारली होती. हे भावाने सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

मॅडमनी माझ्या तिन्ही ओळींवर लाल रेघ मारली. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, ‘तो शाळेत किती शिकलाय, ते कुठे लिहिलंयस?’ मी लिहिलं नव्हतं. तो शाळेत गेलाच नव्हता. तेव्हापासून आजपर्यंत मी कोणाही अडाणी माणसाला शंभरातून सात वजा करायला लावलेलं नाही. ती लाल रेघ व्हिडिओ बघून अंगावर उमटत नाही. तुझ्या पदवीत अशी लाल रेघ मारणारं कोणी असेल का, एवढाच प्रश्न प्रत्येक कॉलेजात जाऊन विचार. आठवड्यात किती दिवस पेशंटजवळ पाठवता, बरोबर कोण असतं, माझा रिपोर्ट कोण वाचतं. उत्तर देताना समोरची व्यक्ती चाचरली, तर त्या कॉलेजाची इमारत कितीही मोठी असली तरी तिथे जाऊ नकोस.

आता कोणती पदवी. तुझं बी.ए. मानसशास्त्राचं असल्यामुळे सगळ्यांनी तुला एम.ए. मानसशास्त्राकडेच ढकललं आहे. ती चांगलीच वाट आहे. चाचण्या, निदानाला मदत, थेरपी यांत ज्यांना रस आहे त्यांनी त्या वाटेने जावं. पण ती एम.ए.ला संपत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि परिषदेची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. होती. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना तेवढी २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदतवाढ मिळाली. म्हणजे तू पदवी घेऊन बाहेर पडशील तेव्हा जुनी एम.फिल. नसेल असं धरूनच चाल. परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. तिकडे जायचं ठरवलंस तर परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. कॉलेजचं नाव त्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया भरू नकोस. ‘मान्यता येणारच आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवलेल्या मुली मला अजून भेटतात.

पण तुझं पत्र वाचून मला वेगळंच सुचलं. तू आईच्या लक्षणांवर दोन वाक्यं लिहिलीस आणि पाच खेपांवर जीव ओतलास. दिव्यांग प्रमाणपत्र काढताना डॉक्टरांनी तुला विचारलं असेल, आई स्वतःचं आवरते का, लोकांत मिसळते का, बोललेलं समजतं का, काम करते का, आजार किती वर्षांचा आहे. ते मोजमाप आपल्याकडे ‘आयडियाज’ या नावाने चालतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जी २१ दिव्यांगत्वं आहेत त्यात मानसिक आजार येतो म्हणून तुझ्या आईला ते प्रमाणपत्र मिळालं. हा सगळा कारभार, म्हणजे घरच्यांना आजार समजावणं, गोळ्या का थांबल्या ते शोधणं, प्रमाणपत्र, पेन्शन, कामावर परत घ्यायला मालकाला राजी करणं, हे सायकिॲट्रिक सोशल वर्करचं काम आहे. आम्ही आपसात ‘पीएसडब्ल्यू’ म्हणतो. तू हे काम बिनपगारी, बिनशिक्षणाची करतेच आहेस.

म्हणून माझा सल्ला: एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी कर, आणि जिथे वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हा विशेष विषय आहे तिथे कर. कोणत्याही शाखेचा पदवीधर त्याला चालतो, तुझं मानसशास्त्र वायाही जात नाही. हे शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईत १९३६ साली समाजकार्याचं जे विद्यालय निघालं, त्याची पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. त्यांनी दुसऱ्याच वर्षी, १९३७ ला, मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढलं होतं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत हा विशेष विषय आहे. टाटा संस्थेचं तुळजापूरचं आवार तुला घराजवळ पडेल, पण तिथला भर ग्रामीण विकासावर आहे, तेव्हा अंतर बघून भुलू नकोस. सोलापुरात राहून करायचं असेल तर तिथल्या कॉलेजला मनोविकार विभागात फील्डवर्कला पाठवता का, हे आधी विचार.

एम.एस.डब्ल्यू.त आठवड्याचे साधारण दोन दिवस फील्डवर्क असतं. त्याचा रिपोर्ट लिहायचा, आणि आठवड्याला तुझ्या सुपरवायझरसमोर बसून त्यावर बोलायचं. मुलं या बैठकीला ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात आणि त्या दिवशी सकाळपासून पोटात गोळा येतो. माझ्या पहिल्या आयसीत मॅडमनी विचारलं होतं, ‘त्या बाई किती वेळ बोलल्या आणि तू किती?’ मी दहा मिनिटांत सल्ला देऊन मोकळी झाले होते. तुलाही हा मोह होईल. बघितलेलं दुःख असलं की उत्तर लवकर तोंडावर येतं.

पुढचं काम कुठे मिळेल? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात पीएसडब्ल्यूचं पद असतं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक समाजकार्याचे पदवीधर असतात. आरंभी बरीचशी पदं कंत्राटी असतात, पगारही बेताचा असतो, आणि हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येतला पूर्ण पीएसडब्ल्यू व्हायला एम.एस.डब्ल्यू.नंतरचं देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. एम.फिल.च्या जागी जे येईल ते तेव्हा कर, आज त्याची काळजी करत पहिली पायरी अडवू नकोस.

पैशाचं नवऱ्याशी कागद-पेन घेऊन बोल. ‘दोन वर्षं कशी निघतील’ हा प्रश्न हवेत सोडला की तो डोंगराएवढा होतो. घरखर्च, मुलीची शाळा, आईच्या गोळ्या, जायचं-यायचं भाडं असे आकडे मांडा. पतसंस्थेत बिनपगारी रजा मिळते का ते विचार, राजीनामा हा शेवटचा उपाय. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या प्रवर्गाला कोणती शिष्यवृत्ती आहे ते प्रवेशाआधी पाहून ठेव. आकडे जुळले नाहीत तर एक वर्ष साठव आणि मग जा. एकतीस काय नि बत्तीस काय, एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात तुझ्याहून मोठ्या बायका मी शिकवल्या आहेत, आणि पेशंटच्या घरचे त्यांच्याशी जास्त मोकळे बोलायचे.

इंग्रजीचं म्हणशील तर पुस्तकं इंग्रजीत आहेत, फायली इंग्रजीत लिहितात, तेवढं वाचता-लिहिता यायलाच हवं. आजपासून रोज एक परिच्छेद वाच आणि त्याचं सार दोन ओळींत लिही. पण एक गोष्ट ऐक. केस हिस्टरीत पहिली तक्रार पेशंटच्याच शब्दांत, अवतरणात लिहायची असते. आणि बार्शीकडचा पेशंट ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘करमत न्हाई’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड पडलंय’, ‘अंगात मुंग्या फिरतात’, ‘बाहेरचं हाय’. शहरातून आलेल्या हुशार मुलींना यातलं निम्मं विचारून घ्यावं लागतं. तू या शब्दांत वाढली आहेस. ‘बाहेरचं आहे’ म्हणणाऱ्या सासूला न दुखावता गोळ्यांपर्यंत कसं आणायचं, हे तुला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तुमच्या घराने त्यात सहा वर्षं घालवली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. ती सहा वर्षं तुमच्या एकट्या घराची नव्हती.

आता रात्रीची भीती. सासूबाईंचं म्हणणं खरं नाही. मानसिक आजार सहवासाने लागत नाही, वाचून तर मुळीच नाही. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे तू बी.ए.ला वाचलं असशील आणि तेव्हापासून मनात धरून बसली असशील. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलांमध्ये तो होण्याचं प्रमाण शंभरात साधारण दहा असतं. उरलेल्या नव्वद जणांना होत नाही. बहुतेकांना तो तरुणपणी, विशीच्या आगेमागे सुरू होतो. तू एकतीस वर्षांची आहेस, घर-नोकरी-आई सगळं सांभाळते आहेस. पहिल्या वर्षाला प्रत्येक धडा वाचताना हा आजार मलाच आहे असं वाटतं, आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तुला त्यात मुलीकडे बघूनही धस्स होईल, ती बाहुलीशी बोलताना दिसली तरी. पाच वर्षांची मुलं बाहुलीशी बोलतात गं. हे मनात आलं की आयसीत बोलून टाक.

पण झोप महिनाभर लागत नसेल तर तो प्रवेशाचा प्रश्न नाही, तुझ्या तब्येतीचा आहे. आईला दाखवायला जाशील त्याच दिवशी स्वतःचाही केसपेपर काढ. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. या शिक्षणाला निघालेल्या बाईने तो फोन करायला लाजू नये.

आणि मुलाखतीत आईचं सांगावं का. समितीवर मी बसले आहे, म्हणून सांगते. ‘माझ्या आईला हा आजार आहे, मी बारा-पंधरा वर्षं तिची काळजी घेते आहे’ एवढं एक वाक्य पुरे. त्यानंतर रांगेतल्या त्या दोन बायकांचं सांग, अर्जात काय चुकत होतं, खिडकीवर काय अडत होतं ते सांग. आम्हाला तिथे उमेदवार बघायचा असतो. रडू आलं तरी बिघडत नाही, पण वीस मिनिटं नुसतं आईवरच गेली तर मी मनात म्हणेन, हिला अजून थोडा वेळ हवा. आईला पूर्ण बरं करायला म्हणून शिकू नकोस. तिच्यावर उपचार तिचे डॉक्टर करतील. पदवी घेतलीस तरी तिच्यासमोर तू मुलगीच राहा, फाईल सांभाळणारी, नातीच्या गोष्टी ऐकत शेजारी बसणारी.

आईच्या आजाराचं ते वाक्य मुलाखतीत बोलायच्या आधी एक काम आहे, आणि पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. आईला विचारलंस का? आजार तिचा आहे, फाईल तिच्या नावाची आहे. चार परक्या माणसांसमोर तिचं नाव निघणार, ते तिला चालेल का, हे तिलाच ठरवू दे. आता ती बरी आहे म्हणतेस, मग चहा करून दोघी बसा आणि तुला काय शिकायचंय ते आधी तिला सांग. ती काय म्हणाली, ते मला कळव.

तुझी,
ताई